भांडणाची एम.ए.

मी जे शिकतेय त्याचं नाव इतकं लांब आहे, की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर सांगून होईपर्यंत त्यांचा मजला येतो. कंपन्या-संस्थांमधले आणि वेगवेगळ्या संस्कृतींच्या माणसांमधले संघर्ष कसे हाताळायचे, याचा हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी आकुर्डीला वर्ग असतात. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'भांडणाची एम.ए.' ठेवलं आणि पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सगळ्या ओळखीच्यांत तेच रूढ झालं. कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा मेथी निवडता निवडता विचारते, भांडायचं कॉलेज कसं चाललंय. मी सांगते, झकास चाललंय, मुळात हुशारच होते मी त्या विषयात.

हे खोटं नाही. माझा स्वभाव तापट. आमच्या घरात कुकरच्या आधी आईची शिट्टी होते, असं लेक म्हणते. चाकणच्या एका कंपनीत एचआरला मला अठरा वर्षं झाली. आम्ही मोटारीच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट बनवतो. मालक जर्मन, कामगार लातूर-बीडपासून चिपळूणपर्यंतचे आणि सुपरवायझर बहुतेक आसपासच्या गावांतले. भांडणाला काही तोटा नाही. बसमधली खिडकीची जागा, कँटीनमधली पातळ आमटी, शिफ्ट बदलून मागितली आणि दिली नाही, ओव्हरटाइमला याचंच नाव का, माझं का नाही. सगळं माझ्या टेबलावर यायचं आणि मी ते निस्तरायची. मला त्याची घमेंड होती, उगाच कशाला लपवू.

माझी पद्धत सोपी होती. दोघांना बोलवायचं, दोघांना झापायचं, चहा पाजायचा आणि ज्याची बाजू पडती असेल त्याच्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा. 'माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. मला माझी चूक मान्य आहे. यापुढे असे होणार नाही.' तीन वाक्यं. मला इतकी पाठ की दुसऱ्या फोनवर बोलता बोलता मी ती सांगू शकायची. खाली सही, तारीख, विषय संपला. आमच्या पट्ट्यात कुठल्याही कारखान्यात जा, हाच रिवाज. साहेबाचा राग शांत होतो, नोटीस निघत नाही, माणूस वाचतो. त्या कागदातलं खरं किती आणि वेळ मारून न्यायला किती, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, लिहून घेणाऱ्याला माहीत असतं, आणि साहेबालाही माहीत असतं. माझ्या कपाटात असे माफीनामे गठ्ठ्यांनी आहेत.

तर पहिल्या सत्रात वर्गात सरांनी सांगितलं, प्रत्येकाने स्वतः मिटवलेलं एक भांडण सांगायचं. हे सर आधी बरीच वर्षं कामगार संघटनेत होते. कंपन्यांशी भांडून भांडून दमले तेव्हा शिकवायला लागले, असं ते स्वतःच सांगतात. मी हात वर केला आणि माझा आवडता किस्सा सुरू केला.

किस्सा एका ऑपरेटरचा. उदगीरकडचा मुलगा, म्हणजे मुलगा म्हणायचं, असेल एकोणतीसचा. आमच्याकडे सहा वर्षं टेम्पररी. कामाला सरळ, तोंडाने कमी. वर्षभरापूर्वी त्याच्या शिफ्टमधले खराब ब्रॅकेट चांगल्या मालात मिसळून थेट गिऱ्हाईक कंपनीकडे गेले. तिथून तक्रार आली. प्लँटचे साहेब लाल झाले, त्याला आजच्या आज सस्पेंड करा म्हणाले. मी मध्ये पडले. त्या मुलाला बोलावलं, समोर कागद ठेवला, हातात पेन दिलं, तीन वाक्यं सांगितली. त्याने लिहिली. मी कागद साहेबांपुढे ठेवला आणि म्हटलं, सर, पोराने चूक कबूल केलीय, जाऊ द्या आता. साहेबांनी जाऊ दिलं. दहा मिनिटांत मिटलं. वर्गात मी हे असं काही रंगवून सांगितलं की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी फक्त विचारलं, त्या मुलाचं म्हणणं काय होतं?

मी म्हटलं, चूक मान्य आहे असं म्हणणं होतं, लिहूनच दिलं ना त्याने. सर म्हणाले, ते तुमचं म्हणणं झालं, त्याने फक्त अक्षर काढलं. त्याचं काय होतं? आणि मला काही आठवेना. आठवेना कसलं, मी विचारलंच नव्हतं. पण भर वर्गात ते कबूल करणार कोण? मी म्हटलं, सर, कंपनीत एवढा वेळ नसतो. सर हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले. घरी येऊन मी पिठलं घोटता घोटता ह्यांना सगळं ऐकवलं. यांनी कधी कारखाना चालवला नसेल आणि आम्हाला शिकवतात वगैरे. ह्यांनी शांतपणे भाकरी मोडली आणि पिठल्यात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

हा विषय तिथेच राहिला असता. पण दिवाळीनंतर आमच्याकडे क्वालिटीच्या प्रमुख म्हणून जर्मनीहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, केस बारीक कापलेले. फ्लोअरवर त्यांना सगळे जर्मन मॅडम म्हणायचे. पहिले आठ दिवस त्या डबा आणायच्या, नवव्या दिवशी कँटीनमधला ठेचा चाखला आणि त्या दिवसापासून ताट घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. बोलणं मोजकं. त्यांना हिंदी-मराठी येत नाही, फ्लोअरवर कुणाला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मध्ये मी दुभाषी. आणि माझं दुभाषीपण म्हणजे काय, तर दोन्हीकडे मलम लावणं. त्या म्हणायच्या, हे चूक आहे, पुन्हा करा. मी सांगायची, मॅडम म्हणतात जरा एकदा नजर टाका. कामगार म्हणायचे, हे जमणार नाही. मी सांगायची, ते प्रयत्न करतो म्हणतात. दोन्ही बाजू खूश आणि काम होतं तिथेच. तेव्हा मला वाटायचं की यालाच संस्कृतींमधला पूल म्हणतात. एका असाइनमेंटमध्ये मी तसं लिहिलंही होतं.

फेब्रुवारीत पर्मनंटची यादी निघाली. क्वालिटीतले दहा टेम्पररी ऑपरेटर कायम करायचे होते आणि त्यात त्या उदगीरच्या मुलाचं नाव तिसरं होतं. ज्यांची नावं यादीत नाहीत, त्या जुन्या टेम्पररींचं काम मार्चअखेर थांबणार, हेही त्याच वेळी ठरलं होतं. मला नाव बघून आनंद झाला. आदल्या महिन्यातच तो पेढे घेऊन ऑफिसात आला होता. मुलगी झाली म्हणाला. मी चिडवलं, मुलगी झाली की बर्फी देतात रे. तर म्हणाला, पेढेच द्यायचं ठरवलं होतं आधीपासून. रहाटणीत एका खोलीत ते तिघं राहतात. पर्मनंट झालो तर बायको आणि लेक इथंच, नाही झालो तर दोघींना गावी पोचवायचं आणि आपण एकट्याने दुसरीकडे नव्याने सुरुवात करायची, असं त्यांचं घरात ठरलं होतं. हे तो मला सांगून गेला होता.

जर्मन मॅडमनी सह्या करण्याआधी दहाही जणांच्या फाइली मागितल्या. मराठी कागद इंग्रजीत करून द्या म्हणाल्या. मी एका दुपारी बसून सगळे उरकले. त्यात तो माफीनामाही होता. तीन वाक्यांची तीन वाक्यं केली, खाली 'भाषांतर बरोबर आहे' म्हणून माझी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी यादी परत आली, तर तिसऱ्या नावावर सरळ रेघ.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे फिरवली आणि शांतपणे एकेक प्रश्न विचारला. हे त्यानेच लिहिलंय ना? हो. इंग्रजी तुमचं? हो. सही तुमची? हो. मग म्हणाल्या, जो माणूस स्वतः लिहून देतो की खराब माल माझ्या निष्काळजीपणामुळे गेला, त्याला क्वालिटीत कायम कसं करू? मी म्हटलं, अहो, ते तसं नसतं, ती आमच्याकडची एक पद्धत आहे, सगळ्यांनाच माहीत असतं. त्या म्हणाल्या,

"मग या फाइलमधला कोणता कागद मी खरा मानायचा, ते तुम्ही मला सांगा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी बाहेर आले आणि दिवसभर जो भेटेल त्याच्याजवळ त्या बाईंच्या नावाने बोटं मोडली. काळीज नाही, कागदाच्या पलीकडे दिसत नाही, आमच्या माणसांची काय किंमत. घरी तेच पुराण. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, लिहून तर तूच घेतलंस ना गं? मी ताट आपटलं. ते गेले मुकाट्याने आणि स्वतःची भाजी स्वतः वाढून घेतली. आणि मला आणखीच राग आला, कारण माणूस खरं बोलला होता.

शनिवारी वर्गात मी सरांना सगळं सांगितलं. या वेळी रंगवून नाही. सरांचा एक खेळ आहे. भांडणातल्या दुसऱ्या माणसाच्या खुर्चीत आपण बसायचं, त्याच्या बाजूने बोलायचं, आणि 'पण' म्हटलं की उठून उभं राहायचं. मला त्या मुलाच्या खुर्चीत बसवलं. समोर माझ्या जागी चिंचवडच्या एका हॉस्पिटलमधल्या मेट्रन बसल्या, त्याही आमच्या वर्गात आहेत. बाईंचा आवाज असा की वॉर्ड चिडीचूप होत असणार. त्यांनी माझ्याच शब्दांत सुरुवात केली. बाळा, साहेब तापलेत, उगाच वाढवू नकोस, लिहून टाक, तुझ्या भल्यासाठीच सांगतेय. तासाभरात मी सात वेळा उठले. आठव्या वेळी मेट्रनबाईंनी हातात पेन दिलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, मॅडम, काय झालं ते तरी विचारा की. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. आपण कशा दिसतो हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा समोरून बघायला मिळत होतं आणि ते काही फार गोजिरं नव्हतं.

सोमवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. ऑफिसात बोलावलं नाही, मुद्दामच. त्याच्यापर्यंत बातमी पोचली होती. नाव कापलं म्हणतात, खरं आहे का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग मी वर्षाहून जास्त उशिरा तो प्रश्न विचारला, त्या दिवशी नेमकं झालं काय होतं?

त्याने सांगितलं. आमच्याकडे चांगला माल निळ्या कॅरेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, ठेवायचा आणि खराब माल लाल कॅरेटमध्ये, हा नियम. ते लाल कॅरेट सेकंड शिफ्टला कमी पडायचे. म्हणून खराब माल निळ्यातच ठेवायचा आणि वर लाल चिकटपट्टी मारायची, अशी तोड काढलेली. पट्टीला तेलाचा हात लागला की ती सुटायची. त्याने सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं की हे एक दिवस अंगाशी येईल. मग एक दिवस आलं. मी विचारलं, अरे मग तेव्हा माझ्यासमोर का बोलला नाहीस?

"तुमी पेन हातात दिलाव. मला वाटलं, मॅडमला ठाव असंल काय करायचं ते. लिव म्हणलाव, लिवलो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता, एवढंच तो सांगत होता, आणि मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी त्याला म्हटलं, जर्मन मॅडमसमोर हे सगळं सांगशील का? तो म्हणाला, त्यांना मराठी कुठं येतंय. मी म्हटलं, मी सांगेन इंग्रजीत, तू बोलशील तसंच्या तसं. त्याने जरा संशयाने बघितलं. माझ्या मलमपट्टीची कीर्ती फ्लोअरवर पोचलेली होती, हेही मला तेव्हाच कळलं. सगळं सांगणार, त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळं.

गुरुवारी आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. मी आधीच जर्मन मॅडमना सांगून ठेवलं की आज मी एकही शब्द इकडचा तिकडे करणार नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणजे आजवर करत होतात का, असा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट होता, पण विचारला नाही. त्याने कॅरेटचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, मी वाक्यामागून वाक्य देत गेले. मग त्यांनी तो माफीनामा त्याच्यापुढे ठेवला. चूक तुमची नव्हती तर हे का लिहिलंत?

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोल.

"मॅडम मला काय झालं ते इचारल्याच न्हाईत. सरळ लिव म्हणल्या."

काय सांगू, माझ्या जिभेवर तयार वाक्य होतं. त्या वेळी जरा गैरसमज झाला होता, असं म्हणतो तो. अठरा वर्षांची सवय, वाक्य आपलं आपण तयार होतं. त्याला इंग्रजी कळलं नसतं, त्यांना मराठी कळलं नव्हतं. मला कुणीही धरू शकलं नसतं. तो मात्र माझ्या ओठांकडे बघत होता. मी पाणी प्यायले आणि त्याचं वाक्य होतं तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी मला काय झालं ते विचारलंच नाही, सरळ लिही म्हणाल्या.

जर्मन मॅडमनी विचारलं, कोण मॅडम?

"मी," मी म्हटलं. "ती मीच."

पुढे 'पण' म्हणून साहेब किती तापले होते ते सांगावं असं फार वाटलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि गप्प बसले. सरांनी बघायला हवं होतं.

त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला, बघू. तिघं फ्लोअरवर गेलो. लाइनच्या शेवटी चार निळे कॅरेट होते, वर लाल पट्ट्या. एकीचं टोक सुटून लोंबत होतं. मॅडमनी ते दोन बोटांत धरून ओढलं, तर अख्खी पट्टी हातात आली. सुपरवायझर तिथेच उभा होता, म्हाळुंग्याचा, माझ्याहून जुना माणूस. आता हा हात झटकणार, असं मी धरून चालले. म्हणून आधी मीच त्याला सांगितलं की माफीनामा मी न विचारता लिहून घेतला होता, ती चूक माझी, आणि ते मी आत्ता वर सांगून आलेय. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"व्हय, त्यानं सांगितलं हुतं. दोनदा. मीच म्हनलं, पट्टी मार आन् चालव."

मी तेही होतं तसं इंग्रजीत सांगितलं, त्या टोपीसकट.

मग जर्मन मॅडमनी त्या मुलाला एकच प्रश्न विचारला, आणि तो माफीबद्दल नव्हता. सेकंड शिफ्टला लाल कॅरेट किती कमी पडतात? तो लगेच म्हणाला, चौदा. सोमवारी सोळा, रविवारी मशीन बंद असतं म्हणून सुरुवातीला खराब माल जास्त निघतो. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितला. सहा वर्षांत त्याला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता आणि उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

वर आल्यावर मी म्हटलं, आता हा माफीनामा फाडून टाकते. त्या म्हणाल्या, मुळीच नाही, झालेला कागद फाडायचा नसतो. तो फाइलमध्येच राहील आणि त्याच्यामागे दुसरा कागद लागेल, तो कसा लिहून घेतला गेला त्याचा. तो लागला की मी सही करते. मी विचारलं, तो लिहायचा कुणी? त्यांनी टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. तो पर्मनंट झाला. लाल कॅरेट आले. रहाटणीच्या त्या खोलीत त्याची लेक आता पालथी पडते आणि तिची आई आमच्या भाजीवालीकडेच येते. कधी भेटली की लेकीला माझ्या हातात देते आणि निवांत कोथिंबीर बघत बसते. जर्मन मॅडम आणि मी अजून कडाकडा भांडतो, पण आता एकमेकींना कळेल असं भांडतो, आणि त्यातली मजा काही औरच आहे. सुपरवायझर मला कॅरेटवाल्या मॅडम म्हणतो. वर्गात सरांनी या प्रकरणावरच्या माझ्या रिपोर्टला चांगले गुण दिले आणि संस्कृतींच्या पुलावरचं माझं पहिल्या सत्रातलं असाइनमेंट फोटो काढून मला परत पाठवलं, सोबत एक शब्दही नाही. मी ते ह्यांना दाखवलं. ते इतके हसले की शेवटी मलाही हसावं लागलं. एकंदरीत बरं चाललंय माझं. या वयात चूक सापडली याचं इतकं सुख होईल, असं मला वाटलं नव्हतं.

पण तो कागद. तो काही दहा मिनिटांत झाला नाही. दुसऱ्यांना फोनवर बोलता बोलता सांगणारी मी, चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्ही कागदांत 'पण' आलं. साहेब तापले होते पण, हेतू चांगला होता पण, सगळीकडे हीच पद्धत आहे पण. लेक अभ्यास करत समोर बसली होती, तिला दर वेळी वाचून दाखवायची आणि ती नुसतं बोट वर करून मला उभं राहायची खूण करायची. चौथा कागद लहान झाला. त्या दिवशी मी ह्याला काय झाले हे विचारले नाही. मजकूर मी सांगितला, त्याने माझ्यावर विश्वास ठेवून लिहिला. निष्काळजीपणा त्याचा नव्हता, माझा होता. मला माझी चूक मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी जर्मन मॅडमकडे नेण्याआधी मी तो त्याच्याकडे घेऊन गेले. त्याच्याबद्दलचा कागद, आधी त्याने बघायला हवा. पहिली शिफ्ट सुटत होती. त्याने नळावर हात धुतले, शर्टाला पुसले आणि कागद घेतला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश वाचला. मी आपली उभी. आमच्या कपाटातल्या त्या गठ्ठ्यांतली किती माणसं माझ्या टेबलापुढे अशी उभी राहिली असतील, ते मोजायची इच्छा झाली नाही. त्याने परत वरपासून वाचला. मग कागद माझ्यापुढे केला आणि शेवटच्या ओळीच्या खाली, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मॅडम, एक राहिलंय. यापुढे असे होणार नाही."

तो थट्टा करत नव्हता. कागद पूर्ण असावा एवढंच त्याला हवं होतं. मी इतक्या जणांना सांगितलेली ती ओळ, आणि स्वतःच्या वेळी मला ती आठवलीच नव्हती. मी कागद कँटीनच्या टेबलावर ठेवला, वाकले आणि लिहिली. अक्षर वाकडं आलं. खाली सही केली. तो थांबून होता. तारीख, तो म्हणाला. मी तारीख टाकली.